समोरची भिंत पडलेलं वार्दझिया

शनिवार, तिबिलिसी

जॉर्जिया म्हटलं की आपल्याकडे हल्ली दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात, बर्फातले फोटो आणि एमबीबीएस. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशीच त्याचा प्रत्यय आला. शेजारी उभी असलेली दोन पोरं आपसांत मराठीत बोलत होती. एक लातूरकडचा, एक सांगलीचा, दोघंही इथे डॉक्टरकी शिकणारे. कुठे निघालात, असं त्यांनी विचारलं. ताईनं वार्दझियाचं नाव घेतल्यावर सांगलीकर म्हणाला, "मावशी, तिथं नुसत्या गुहा हायत. काझबेगीला जावा, डोंगर लय भारी."

पण आमचा बेत पक्का होता. नुसत्या गुहाच बघायच्या होत्या. म्त्क्वारी नावाची नदी (नकाशात बहुधा कुरा लिहिलेलं असतं) तुर्कस्तानात उगम पावते, जॉर्जिया ओलांडते आणि अझरबैजानात कॅस्पियन समुद्राला मिळते. तिच्या काठच्या कड्यांमध्ये माणसांनी राहण्यासाठी कोरून काढलेल्या दोन मोठ्या वस्त्या आहेत, उप्लिस्त्सिखे आणि वार्दझिया. तिबिलिसीहून निघून नदीच्या उलट दिशेनं, उगमाकडे चढत जायचं, एवढंच ठरवलेलं. ताई, भाऊजी आणि मी. भाऊजींची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यामुळे जगातली कुठलीही जुनी इमारत दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी कुठून येत होतं?

तिबिलिसीत अर्धा दिवस हाताशी होता. समेबा कॅथेड्रलला गेलो ते एका गोवेकर कारणासाठी. केतेवान ही काखेती या पूर्व जॉर्जियातल्या राज्याची राणी. इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत तिनं धर्म सोडायला नकार दिला आणि 1624 मध्ये शिराझला तिचे हाल करून तिला मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला नेला. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनच्या चर्चचा तो अर्धा उरलेला उंच मनोरा आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. त्या भग्नावशेषांतल्या उत्खननात हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेनं त्यांची डीएनए तपासणी केली आणि 2021 मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांतला एक भाग इथे आणून दिला. मनोऱ्यासमोर मी किती वेळा फोटो काढले असतील, पण खाली कोण निजलंय हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री लोबियानी खाल्ली. राजमा भरलेली जाडसर भाकरी म्हणा. शाकाहारी माणसाची या देशात अजिबात आबाळ होत नाही.

रविवार, उप्लिस्त्सिखे

सकाळी भाड्याच्या गाडीनं निघालो. ड्रायव्हर पन्नाशीचा, मितभाषी, दर वळणावर चर्च दिसलं की छातीवर क्रूस करणारा. या देशात वळणं पुष्कळ आणि चर्चंही पुष्कळ, त्यामुळे स्टिअरिंगवर त्याचा एकच हात असे.

गोरीच्या अलीकडे नदी ओलांडली आणि वाळूच्या रंगाचा एक उघडाबोडका खडक समोर आला. उप्लिस्त्सिखे हे गाव वार्दझियाच्या कितीतरी आधीचं, ख्रिस्तपूर्व काळातलं. रस्ते, गटारं, चौक, देवळं, द्राक्षं तुडवायची जागा, धान्याची पेवं, सगळं वालुकाश्मात कोरलेलं. चौथ्या शतकात जॉर्जियानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा इथल्या जुन्या देवांचे दिवस भरले. तरी गाव उठलं नाही. पुढे तिबिलिसी अरबांच्या ताब्यात असताना तर कार्तलीच्या, म्हणजे या भागातल्या जुन्या राज्याच्या, राज्यकर्त्यांनी इथेच मुक्काम हलवला होता. तेराव्या शतकात मंगोल आले आणि मग मात्र वस्ती विरत गेली. माथ्यावर आता दहाव्या शतकातलं विटांचं चर्च तेवढं उभं आहे, खालच्या सगळ्या कोरीव कामात ते एकटंच बांधलेलं.

मला इथे थांबवलं ते तामारच्या दालनाच्या छतानं. (राणी तामारचं नाव इथे कशालाही देतात. ती बाराव्या शतकातली, दालन तिच्या कितीतरी आधीचं.) छत खडकाचंच, पण कोरणाऱ्यानं त्यात लाकडाचे वासे काढलेत. गोल, एकाला एक लागून, वर आडवी तुळई. वजन पेलायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. भाज्याला आणि कार्ल्याला चैत्याच्या छताला खरेखुरे लाकडी वासे लावलेत, तेही वजन न पेलणारेच. दोन्हीकडच्या कारागिरांना माहीत असलेलं घर लाकडाचं होतं आणि दगडात शिरतानाही ते त्यांच्या हातातून सुटलं नाही. वाटाड्या मुलीला मी फोनवर कार्ल्याचा फोटो दाखवला. ती बराच वेळ तो मोठा करून बघत राहिली आणि मग पुढच्या गटाला घेऊन तिला जावं लागलं.

भाऊजींना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर निघायच्या वाटेवर मिळालं. खडकाच्या पोटातून थेट नदीपर्यंत उतरणारा भुयारी जिना आहे. वेढा पडला तरी पाणी भरता यावं म्हणून. आता तिथे लोखंडी पायऱ्या बसवल्यात. भाऊजींनी भिंतीवरून हात फिरवला, तर बोटांना वाळू लागली. "हे टिकणारं काम नव्हे," ते म्हणाले. खरंच आहे, 1920 च्या भूकंपात यातला बराच भाग कोसळला आणि उरलेल्याला वारा खातोय.

गोरीत स्टालिनचं संग्रहालय आहे. गावचा पोरगा म्हणून अजून त्याचं कौतुक चाललेलं असतं. आम्ही बाहेरून बघितलं आणि बोर्जोमी गाठलं.

सोमवार, बोर्जोमी आणि अखाल्त्सिखे

बोर्जोमीचं पाणी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. बागेतल्या झऱ्याचं पाणी कोमट, खारट आणि किंचित अंड्याच्या वासाचं. ताईनं एक घोट घेतला आणि उरलेलं गुपचूप झाडाला घातलं. बोर्जोमीबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

अखाल्त्सिखेचा रबाती किल्ला मात्र डोळ्यांत भरतो, जरा जास्तच भरतो. तुर्की पाशांचं हे ठाणं, 1828 मध्ये रशियनांनी जिंकलेलं. आत अठराव्या शतकातली मशीद, मदरसा, चर्च, महाल. 2011-12 मध्ये डागडुजी झाली ती इतकी चकचकीत, की कुठला दगड जुना आणि कुठला परवाचा हे ओळखायला भिंग हवं. सोनेरी घुमट, कारंजी, नेमके कातरलेले हौद. लग्नाच्या फोटोंसाठी तीन जोडपी रांगेत होती.

संध्याकाळी गावात फिरताना एक गोष्ट मात्र कुठे लिहिलेली दिसली नाही. या मेस्खेती प्रांतातल्या तुर्की मुसलमानांना, जवळजवळ एक लाख माणसांना, नोव्हेंबर 1944 मध्ये स्टालिनच्या हुकमानं मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवलं. पुढच्या दोन दिवसांत रस्त्यालगत ओसाड पायऱ्या-पायऱ्यांची शेतं दिसतात, त्यांतली कित्येक त्या लोकांची. रबातीच्या कारंज्यांपाशी त्यांच्यासाठी एक पाटी लावायला काय हरकत होती?

मंगळवार, खेर्त्विसीवरून वार्दझियाकडे

अखाल्त्सिखे सोडल्यावर झाडं हळूहळू मागे पडतात. नदी डाव्या-उजव्या हाताला अदलाबदल करत राहते, दोन्हीकडचे डोंगर तपकिरी, गवत वाळलेलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, ऊन कडक आणि सावलीत शिरलं की स्वेटर. देशावरच्या माणसाला ओळखीचा वाटावा असा मुलूख आहे, फक्त काठावर बाभळींच्या जागी अक्रोड आणि पोपलर.

परावानी नदी म्त्क्वारीला मिळते त्या सांध्यावर, उंच खडकावर, खेर्त्विसीचा किल्ला आहे. सिकंदर इथे आला होता ही दंतकथा. तटाचं आजचं काम मात्र चौदाव्या शतकातलं. दोन नद्यांच्या बेचक्यातला किल्ला बघून भाऊजी खूश. खाली रस्त्याच्या कडेला एक आजीबाई चुर्चखेला विकत होत्या. दोऱ्यात ओवलेले अक्रोड घट्ट द्राक्षरसात बुडवून वाळवलेले. ताईनं घासाघीस करायचा प्रयत्न केला. आजीनं उलट हातात आणखी एक माळ ठेवली आणि पैसे दोन्हींचे घेतले.

पुढे वानीच्या गुहा. वार्दझियापेक्षा जुन्या, आठव्या शतकापासूनच्या, आणि तिथे चिटपाखरू नव्हतं. मोडका तट, घसरणीची पायवाट, आणि वर कड्याच्या अंगाला चिकटलेलं एक चिमुकलं पांढरं चर्च. मी निम्म्यापर्यंत चढले. वरच्या शिड्या बघून परत फिरले.

आणि मग एका वळणानंतर पलीकडच्या तीरावर वार्दझिया. ड्रायव्हरनं न सांगता गाडी बाजूला घेतली. त्याला ठाऊक होतं, इथे सगळे थांबतात.

साधारण अर्धा किलोमीटर लांबीचा कडा. त्यात एकावर एक भोकांचे मजले, काही ठिकाणी एकोणीसपर्यंत. चौकोनी तोंडं, कमानी, अर्धवट उघडे जिने जे कुठेच जात नाहीत, आणि मध्ये दोन कमानींचा घंटाघर-मंडप. नदीपासून वर बघताना ताई म्हणाली, "किती उघडं आहे गं सगळं." तिनं सहज म्हटलं, पण वार्दझियाची मेख तिथेच आहे. ते उघडं असावं असं कुणाच्या मनात नव्हतं.

मुक्काम समोरच्याच काठावर एका घरात. जेवायला मातीच्या गाडग्यात लोबियो (राजम्याचं कालवण), मक्याची भाकरी, लोणचं, अक्रोडाच्या वाटणातली वांगी. वाटणात कोथिंबीर आणि एका प्रकारची मेथी होती, त्यामुळे ताईला स्वयंपाकघरात शिरायचं निमित्त मिळालं. भाषेचा एक शब्द सामाईक नसताना दोघी बायका मेथीवर अर्धा तास बोलल्या.

बुधवार, वार्दझिया

उघडायच्या वेळेलाच पूल ओलांडून गेटवर. तिकिटासाठी भाऊजींनी पन्नास लारींची नोट काढली, तर तिच्यावर राणी तामारच. वरपर्यंत गाडी सोडते, पण चालत जाणं चांगलं. कडा हळूहळू अंगावर येत जातो.

इतिहास थोडक्यात असा. ग्योर्गी तिसरा हा 1156 ते 1184 राजा. त्याच्या काळात इथे कोरायला सुरुवात झाली. त्याची मुलगी तामार 1184 मध्ये गादीवर आली आणि 1213 पर्यंत राहिली. तिनं हे काम तडीला नेलं. मठ, त्याच्याभोवती वस्ती आणि गरज पडलीच तर गढी, असं तिन्ही. मंगोलांपासून बचाव करायला तामारनं हे बांधलं, असं सहलीवाले बिनधास्त सांगतात. आमच्या शेजारच्या गटाचा वाटाड्याही तेच सांगत होता. पण मंगोल घोडेस्वार जॉर्जियात पहिल्यांदा 1220 मध्ये आले. तेव्हा तामारला जाऊन सात वर्षं झाली होती. तिचे शत्रू होते दक्षिणेकडचे सेल्जुक तुर्क, आणि ती सरहद्द इथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्याशी झालेल्या बासियानीच्या लढाईआधी ती वार्दझियाच्या मेरीपुढे प्रार्थनेला आली होती, असं जुन्या इतिवृत्तात आहे.

खडक ज्वालामुखीच्या राखेचा, टफ. आपल्या सह्याद्रीतला बसाल्ट छिन्नीला दाद देत नाही, म्हणून अजिंठ्याला एकेका विहारात किती हात लागले असतील याची कल्पना करवत नाही. इथला दगड त्या मानानं मऊ. त्यामुळे काम भराभर झालं, आणि त्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

पूर्वेकडच्या भागात 79 घरं आणि त्यांत मिळून 242 खोल्या. पश्चिमेला, घंटाघर आणि मुख्य चर्चच्या मध्ये, आणखी चाळीस घरं, 165 खोल्या. आकडे वाचून डोकं चालत नाही, म्हणून मी एका घरात शिरले आणि बसूनच राहिले.

दोन खोल्यांचं घर. बाहेरची मोठी, आतली लहान. उंबरठा झिजून मधोमध खोलगट झालेला. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत समोरासमोर भोकं, अडसर सरकवण्यासाठी. एका बाजूची खाच लांब, कारण अडसर आधी तिथे पूर्ण आत ढकलायचा आणि मग दुसरीकडे ओढायचा. आमच्या आजोळच्या वाड्याच्या दिंडी दरवाजाला हीच युक्ती होती. आत डाव्या हाताला दगडी बाक, झोपायचा किंवा बसायचा, तेवढाच रुंद. त्याच्या डोक्याशी एक कोनाडा आणि कोनाड्याच्या वरच्या कमानीला काजळी. दिव्याची. हाताला लागत नाही आता, दगडात मुरलीय. जमिनीत एक उथळ चर कोपऱ्याकडे गेलेला. भाऊजी लगेच ओणवे झाले. त्यांनी बाटलीतलं घोटभर पाणी ओतलं. पाणी निमूट चरातून कोपऱ्यात गेलं आणि भोकातून नाहीसं झालं. "आठशे वर्षांनंतरही उतार बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू काम त्यांच्याच सेक्शननं केलंय.

आणि चौथी भिंत नाही. जिथे भिंत असायला हवी तिथे सरळ नदी, खाली शंभरेक मीटरवर.

1283 मध्ये मोठा भूकंप झाला. कड्याचा बाहेरचा थर, ज्याच्या आड ही घरं, बोळ आणि जिने झाकलेले होते, तो सुटून दरीत गेला. आपण समोरच्या रस्त्यावरून ज्याचा फोटो काढतो, वार्दझियाचं जे रूप पोस्टकार्डांवर असतं, ती ही पडझड. बांधणाऱ्यांनी नदीवरून येणाऱ्या माणसाला फार थोडं दिसेल अशी योजना केली होती. भाऊजींचं म्हणणं, आतून एवढा माल काढल्यावर बाहेर उरलेली भिंत कशाच्या आधारावर उभी राहणार? मऊ दगडानं काम सोपं केलं आणि तोच दगड उलटला. आजही इथे दगड सुटायची भीती आहेच. बऱ्याच ठिकाणी जाळ्या आणि आधार दिसतात, काही मजले बंद आहेत.

पण भिंत पडली म्हणून राबता थांबला नाही. बेका जाकेली नावाच्या इथल्या सरदारानं पडझड सावरली. तो घंटाघराचा मंडप भूकंपानंतरचाच.

तिथून पुढे मी देवळांकडे न जाता स्वयंपाकाच्या मागे लागले. भोजनशाळा सापडली. लांबट दालन, दोन्ही भिंतींशी दगडी बाकं, आणि लगेच शेजारी पाव भाजायच्या भट्ट्या. भट्टी म्हणजे जमिनीत उतरवलेला तंदूरच. तिबिलिसीच्या गल्लीत काल-परवा ज्यातून गरम पाव काढताना बघितले, तीच रचना. एका ठिकाणी लोहारकाम चालत असे. औषधांची खोली ओळखता येते, कारण भिंतभर छोटे छोटे चौकोनी खण, पुड्या आणि कुप्या ठेवण्याजोगे. आणि सगळ्यात जास्त जागा व्यापलीय ती वाइननं. पंचवीस तळघरं आणि त्यांत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले 185 रांजण. आता नुसती गोल तोंडं दिसतात, जाळी घातलेली. एका मुलानं जाळीतून चिप्सचं पाकीट टाकलं आणि आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्या बाईबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला.

एवढी द्राक्षं यायची कुठून? समोरच्या आणि खालच्या उतारावर आता गवत माजलेल्या ज्या पायऱ्या दिसतात, ते मळे होते. त्यांना कालव्यानं पाणी होतं. म्हणजे मठ नुसता प्रार्थना करत नव्हता, शेती कसत होता, धान्य भरत होता, दारू गाळत होता. संन्याशांच्या संसाराचा एवढा पसारा मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. की बघितला होता आणि लक्ष दिलं नव्हतं? कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, बहुतेकांना दगडी ओटे आहेत, दाराशी पाण्याची पोढी आहे, पावसाचं पाणी तिच्यात उतरवणाऱ्या पन्हळी आहेत. आपण तिथे काय करतो? मोठा चैत्य बघतो, बुद्धाचा फोटो घेतो आणि खाली येऊन काकडी खातो. भिक्षू झोपायचा कुठे, भांडं कुठे ठेवायचा, हे विचारायला थांबत नाही. लेणं म्हटलं की आपण शिल्प शोधतो. इथे शिल्प जवळजवळ नाहीच, त्यामुळे घर दिसायला लागतं.

तरी मुख्य चर्च सोडून चालणार नाही. बायकांनी डोक्यावर रुमाल आणि पँटवर गुंडाळायला कापड घ्यायचं, दाराशी ठेवलेलं असतं. आत खडकाच्या पोटात साडेआठ मीटरला किंचित कमी रुंद आणि साडेचौदा मीटर लांब दालन, वर नऊ मीटरवर कमानदार छत. डोळे सरावायला वेळ लागतो आणि मग भिंती निळ्या होतात. हे रंगकाम ओल्या गिलाव्यावरचं नाही, कोरड्यावरचं आहे. अजिंठ्यातही तेच. ज्योर्जी नावाच्या चित्रकारानं, रती सुरामेली या सरदाराच्या खर्चानं ते केलं, हे भिंतीवरच्या लेखांवरून कळतं.

उत्तरेच्या भिंतीवर ग्योर्गी आणि तामार, बाप-लेक, दोघंही मुकुट घातलेले. चित्र कधीचं हे अभ्यासकांनी ज्या रीतीनं शोधलं ती मला फार आवडली. तामारच्या नावापुढे देव तिला दीर्घायुष्य देवो असा आशीर्वाद लिहिलाय, बापाच्या नावापुढे नाही. म्हणजे तो गेलेला. आणि लग्न झालेल्या बाईच्या हनुवटीखालून जाणारं वस्त्र तामारला नाही. म्हणजे लग्न व्हायचंय. बाप 1184 मध्ये गेला, मुलीचं लग्न पुढच्या एक-दोन वर्षांत, तेव्हा चित्र त्या मधल्या काळातलं. आपण लग्नपत्रिकेवर कै. आणि चि. सौ. कां. बघून घरचा सगळा हिशेब लावतो, तसंच की हे. (ते लग्न फसलं, हे पत्रिकेवर येत नाही. रशियन राजपुत्र नवरा तिनं दोनेक वर्षांत घालवून दिला आणि दुसरा स्वतः निवडला.)

चर्चच्या मागून एक काळोखी बोळ आत जाते. शेवटी एक कुंड आहे, वरून थेंब थेंब पाणी पडतं. त्याला तामारचे अश्रू म्हणतात. भाऊजींनी ओंजळीत घेऊन चाखलं आणि गोड असल्याचं जाहीर केलं. तामारच्या नंतरच्या वर्षांत इथे पाण्याची मोठी योजना झाली, डोंगरातून नळ घालून पाणी आणलं. त्या नळाचा मार्ग शोधायला ते पाऊण तास गायब होते. ताई तोवर घंटाघराच्या सावलीत चुर्चखेला खात बसली.

तिथेच एक साधू भेटला. काळा झगा, दाढी, हातात प्लास्टिकची बादली. आजही काही भिक्षू इथे राहतात. कड्याच्या त्यांच्या भागात आपल्याला जाता येत नाही, पण एका भोकाला बसवलेलं लाकडी दार आणि दोरीवर वाळत घातलेले पायमोजे दिसले. मधला काळ मोठा आहे. 1551 मध्ये इराणच्या शाह तहमास्पच्या सैन्यानं मठ लुटला. हा तोच शाह, ज्याच्याकडे आपला हुमायून काही वर्षं आधी आश्रयाला गेला होता. मग ऑटोमन तुर्क आले, भिक्षू गेले. 1938 मध्ये सोव्हिएत सरकारनं संग्रहालय केलं. सोव्हिएत राजवट संपता संपता भिक्षू परतले. वाळत घातलेले ते मोजे बघून मला चर्चमधल्या निळ्यापेक्षा बरं वाटलं, हे ताईला सांगितलं तर तिनं डोळे मोठे केले.

उतरायची वाट भुयारातून. उंच पायऱ्या, अंधार, वाकून चालायचं. ताईच्या गुडघ्यांनी तक्रार केली, पण मागून येणाऱ्या पोलिश शाळकरी मुलांच्या घोळक्यानं तिला थांबू दिलं नाही.

गुरुवार, जावाखेतीवरून परत

आल्या वाटेनं न जाता परावानी नदीच्या काठानं वर चढून पठारावर गेलो. जावाखेती. झाड नाही, नुसतं गवत आणि वारा. इथे आर्मेनियन वस्ती मोठी. गोरेलोव्का नावाच्या गावात दुखोबोर राहतात, चर्च आणि पाद्री न मानणारा रशियन पंथ. झारनं त्यांना 1840 च्या दशकात इकडे हाकललं होतं. घरं बुटकी, काहींच्या छपरावर गवत उगवलेलं. दोन हजार मीटरवरच्या परावानी तळ्यापाशी चहा घ्यायला उतरलो तर वाऱ्यानं कागदी कपच उडवून नेला.

कुणी जाणार असेल तर एवढंच सांगते. तिबिलिसीहून वार्दझिया एका दिवसात करून आणणाऱ्या सहली मिळतात, त्या घेऊ नका. सात-आठ तास रस्त्यात जातात आणि सगळ्या गाड्या दुपारी एकदमच येऊन धडकतात. समोरच्या काठावर एक रात्र राहा, सकाळी गेट उघडताना आत शिरा, बॅटरी न्या, रबरी तळव्याचे बूट घाला. गुडघे दुखणाऱ्यांनी भुयारातून उतरण्याऐवजी आल्या वाटेनं परत जाता येईल का, हे आधीच गेटवर विचारावं. आणि बरोबर पाटबंधाऱ्यातला कुणी असेल तर त्याच्यासाठी तासभर वेगळा ठेवा.